पूर्वेच्या ओळीखालचा खडक

मी आयुष्यात एकदा खरं बोललो. यावर कुणाचा विश्वास बसणार नाही हे मला ठाऊक आहे. माझी सख्खी बहीण मरेपर्यंत हे मानायला तयार नव्हती. पण बोललो, भर दिवसा, शंभरेक माणसांच्या देखत. आणि ज्या घराच्या कट्ट्यावर बसून आपण आत्ता चहा पितोय, ते घर त्यामुळेच उभं आहे.

“सुरू झालं अण्णांचं,” महादेव म्हणाला. महादेव आमच्याच सोसायटीतला, तिशीतला गडी. रिक्षा चालवतो. दुपारी भाडं नसलं की या कट्ट्यावर येतो आणि माझ्याकडून एखादी थाप ऐकून ताजा होऊन जातो. त्याच्यामागे दारात रेणुका होती, या घरची मालकीण. तिनं बशी माझ्यापुढे सरकवली आणि उंबऱ्यावर बसली.

“ऐक तर बे,” मी म्हणालो. “पटलं नाही तर तुझा चहा परत कर.”

तर त्या दिवशी सकाळी साडेनऊ वाजता मी याच घराच्या भिंतीत विडी खुपसून उभा होतो.

पस्तीस वर्षं झाली. घर अर्धं होतं. दगडी भिंती उभ्या होत्या, वर सेंट्रिंगच्या प्लेटा ठोकलेल्या, सळई बांधलेली, खाली टेकूला लावलेल्या लाकडी बल्ल्यांचं जंगल. यल्लव्वाच्या घराचा स्लॅब भरायचा दिवस. यल्लव्वा म्हणजे रेणुकाची सासू. सोसायटीतला पहिला स्लॅब, म्हणून सगळी वस्ती सावडीला आली होती. आज आम्ही तुझा भरू, उद्या तू आमचा भर. मिक्सर आला होता, त्याच्या इंजिनाला हार घातला होता. अंगणात शिऱ्याची कढई चढली होती. आणि पूर्वेच्या भिंतीला, खालून तिसऱ्या थरापासून, एक चीर गेली होती.

सकाळी सातला मी ती पाहिली तेव्हा तिच्यात दोरा गेला नसता. साडेनऊला विडीचं बारीक टोक गेलं. दहाच्या सुमाराला अख्खी विडी गेली आणि हातातून सुटून आत पडली. अजून आतच असेल.

बाकीच्यांनीही चीर पाहिली होती. “नवी भिंत हाय, सुकालीय,” असं म्हणून जो तो पुढं जात होता. भिंतीखाली खडक आहे म्हटल्यावर भिंतीच्या चिरेला कोण भितो? खडक नाही हे त्या मैदानात दोघांनाच ठाऊक होतं. एक मी. दुसरी माझी बायको, अंबव्वा.

महादेव, तुला आता इथे डांबरी रस्ता आणि नळ दिसतात. तेव्हा ही नुकती बुजवलेली खाण होती. आमच्या तीन पिढ्यांनी फोडलेली, वीस फूट खोल. खाण बंद पडली, शहराचा राडारोडा येऊन पडत राहिला, आणि दहा-बारा वर्षांनी तीच जागा आम्हा खाणवाल्यांच्या सोसायटीला घरांसाठी मिळाली. ज्यांनी खड्डा केला त्यांनाच त्यावर घर बांधायचं होतं. मधल्या ओळींना भरावाखालच्या तळापर्यंत खोदून खांब उठवायचे होते; वर्ष-वर्षाचं काम. पूर्वेची ओळ मात्र खाणीच्या काठाबाहेर, अस्सल खडकावर. तिथे दोन फूट खोदलं की पाया. सोडतीत त्या ओळीतला पहिला प्लॉट यल्लव्वाला लागला तेव्हा बायकांनी तिची दृष्ट काढली होती.

आणि खाणीचा काठ कुठवर होता, हे ठरलं होतं माझ्या शब्दावर.

आमच्यात एक रीत आहे. म्हणजे होती. ज्यानं घण घातला त्यानं त्या दगडाबद्दल सांगायचं, बाकीच्यांनी मान डोलवायची. त्याचं सांगून झाल्यावर दुसऱ्यानं तिथे पहार ठोकून बघणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. मग माणूस कितीही थापाड्या असो. वाघाच्या थापा मार, भुताच्या मार, सासऱ्याच्या श्रीमंतीच्या मार. दगडाबद्दल खोटं बोलायचं नाही. बोलला तर त्याच्या जोडीला उभं राहून कुणी घण मारत नाही, कारण आमचा जीवच एकमेकांच्या शब्दावर टांगलेला. वरचा म्हणाला “पक्का हाय,” तर खालचा खाली उभा राहायचा.

मी आयुष्यभर दगडाबद्दल खोटं बोललो नाही. एकदा सोडून.

खाण बंद व्हायच्या आधीच्या हंगामात मालकानं हद्द ओलांडून पूर्वेला चाळीस फूट आत फोडायला लावलं. त्या तुकडीत मी होतो, अंबव्वा होती, आणखी चौघं होते. ते नंतर कर्नाटकात दुसऱ्या खाणीवर गेले ते तिकडचेच झाले. मग कळलं की माप घ्यायला साहेब येणार. दोन महिन्यांत आम्ही तो सगळा तुकडा डबर आणि दगडाची चुरी टाकून बुजवला. अंबव्वानं पाट्या वाहून वाहून डोक्याला टेंगूळ आणलं. वरून मुरूम दाबला, पाणी मारलं. साहेब आला, त्यानं जमिनीकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. मालकानं मला पुढं ढकललं. म्हणाला, “सांग रे सिद्राम, खाण इथंच का थांबली.”

मी सांगितलं. साहेब, म्हणालो, या जागी एक दगड हाय. नऊ दिवस त्याला घण घातला. सात दांडे मोडले. ठिणग्या अशा उडायच्या की मी त्यावर विड्या पेटवल्या. दहाव्या दिवशी दगडाला हात जोडले आणि म्हणालो, बाबा, तू जिंकलास.

साहेब हसला आणि त्यानं वहीत लिहून घेतलं. मालकानं मला नवा घण दिला. इथवर ते पोटासाठी होतं. पण गोष्ट इतकी झकास जमली होती की मला ती टाकवेना. लग्नात सांगितली, तेराव्याला सांगितली. दरवर्षी त्या दगडाला मी थोडा आणखी कठीण केला. पोरं त्याच्यावर वाढली. लोक पत्ता सांगायचे, ‘सिद्रामच्या दगडाच्या अलीकडं.’ मलाच कधी कधी वाटायचं, होताच की तो.

म्हणून सोसायटीच्या बैठकीत कुणी मला विचारलंसुद्धा नाही. चेअरमन मलकारी देवकर उठला, “सिद्रामच्या दगडापास्नं पुढं अखंड खडक हाय,” म्हणाला आणि त्यानं नकाशावर रेघ मारली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलवली. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी वर म्हणालो, “घण असा मागं उडायचा की टोपी पडायची.” बैठक हसली.

पाया खोदताना यल्लव्वाच्या पोरांना दोन फुटांवर डबरातला एक मोठा धोंडा लागला. पहार खणकन वाजली. “लागला सिद्रामअण्णाचा दगड,” म्हणून त्यांनी तिथेच नारळ फोडला. दुसऱ्या जागी कुणी पहार मारली नाही.

“म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं,” महादेव म्हणाला. त्याचा चहा तसाच होता.

“होतं.”

“आणि भिंती उभ्या राहीपर्यंत गप्प?”

“गप्प. मला वाटायचं, तीस-पस्तीस पावसाळ्यात भराव दबून दगड झाला असंल.”

“तीस-पस्तीस कुठं, बारा वर्षं म्हणालाव की आत्ता.”

“तू गोष्ट ऐकायलास का हजेरी घ्यायलास?”

तर दहा वाजता मिक्सर सुरू झाला. शिडीवर खालपासून वरपर्यंत माणसं उभी राहिली, बाया-गडी एकाआड एक, आणि घमेली हातोहात वर जायला लागली. रेणुका त्याच वर्षी लग्न होऊन आली होती, हिरव्या चुड्यासकट रांगेत उभी होती. मी रांगेत उभा राहिलो नाही. त्या घमेल्याला हात लावायचा नाही हे मी सकाळीच मनाशी धरलं होतं.

मी वाकून खाली गेलो, बल्ल्यांच्या जंगलात. आत यल्लव्वाचा नवरा दुर्गप्पा होता. खाणीच्या धुळीनं त्याची छाती गेली होती. चार पावलं चालला की बसायचा. घमेलं उचलणं त्याच्या ताकदीबाहेरचं, पण स्वतःच्या घराचा स्लॅब भरताना नुसतं बघत बसायचं नाही म्हणून त्यानं खालचं काम मागून घेतलं होतं. एकेका बल्लीवर हातोडी मारून आवाज ऐकायचा. बद्द वाजली की खालची पाचर ठोकायची.

“कसंय दुर्गप्पा?”

“पाचरी ढिल्या व्हायल्यात रे,” तो म्हणाला. “बल्ल्या ओल्या आणल्या पोरांनी. सुकून आखडायल्यात.”

मी खाली बसलो आणि एका पाचरीला बोट लावलं. ती बोटासरशी निघून आली. बल्ली आखडली नव्हती. तिच्याखालची फळी एक पेरभर जमिनीत गेली होती. भिंतींवर महिनाभर मारलेलं पाणी खाली चुरीत मुरलं होतं आणि आता वरून घमेल्यामागून घमेलं ओझं पडत होतं. प्रत्येक घमेल्याबरोबर डोक्यावरची प्लेट ‘टक्’ करायची.

“दुर्गप्पा, बाहेर येऊन बस जरा. खोकालास किती.”

“आणि खाली कोण बघंल?”

“मी बघतो.”

“तुला कान हाय का बल्लीचा? तुझा कान दगडाचा.” तो हसला, हसताना त्याला उबळ आली, आणि उबळ संपेपर्यंत त्यानं बल्लीला धरून ठेवलं. “जा तू. मला काय व्हत न्हाई. खाली तुझा खडक हाय. नऊ दिवस तुला हलला न्हाई, मला काय हलतोय?”

एवढं बोलून तो पुढच्या बल्लीकडे सरकला. ठक्. ठक्. बद्द. पाचर ठोकली. ठक्. बद्द. पुन्हा पाचर. मी वाकूनच तिथून बाहेर आलो.

बाहेर उन्हात सगळं आनंदात चाललं होतं. यल्लव्वा शिरा ढवळत होती, कुणीतरी तिला चिडवत होतं की आता माडी चढवशील तेव्हा आम्हाला ओळख देशील का. पूर्वेची चीर आता खिडकीपर्यंत पोचली होती. अर्धा स्लॅब भरला होता.

अंबव्वा मिक्सरपाशी वाळूच्या पाट्या टाकत होती. मी तिच्याजवळ गेलो. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं.

“जमीन बसालीय,” मी म्हणालो.

“बघितलं मी.”

“दुर्गप्पा खाली हाय.”

तिनं पाटी खाली ठेवली आणि माझा हात धरला. “गप बसा,” म्हणाली. “दोन पोरी उजवायच्या हायत. दगडाबद्दल खोटं बोलला म्हणून कळलं तर कोण सोयरीक करंल आपल्याशी? कोण कामाला उभं करंल तुम्हाला? दिवसभर तग धरंल घर. मग बघू.”

खरं सांगतो, तिचं बोलणं मला पटत होतं. पोरी डोळ्यापुढे आल्या. माझा घण डोळ्यापुढे आला. मिक्सर धडधडत होता आणि त्या धडधडीतूनसुद्धा मला आतली हातोडी ऐकू येत होती. बद्द. बद्द. बद्द. आता एकही बल्ली नीट वाजत नव्हती.

मी तिचा हात सोडवला. चार ढांगांत मिक्सर गाठला आणि इंजिन बंद केलं.

इंजिन थांबलं. शिडीवरचे सगळे हात जागच्या जागी राहिले. मलकारी वरून, स्लॅबवरून ओरडला, “कोण रे त्यो? सिमिट वाळंल.”

“थांबवा,” मी म्हणालो. “खाली खडक न्हाई.”

कुणाला काही कळलं नाही. दोघं-तिघं हसले, मी बोललो की हसायची सवय. मलकारी शिडीवरून खाली आला. सत्तरीचा माणूस, मोठ्या मिशा, हाताला सिमिट. माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

“काय म्हणालास?”

“या ओळीखाली भराव हाय. शेवटच्या प्लॉटपर्यंत. मालकानं चोरून फोडलं होतं, आम्हीच बुजवलं.”

“किती खोल?”

“वीस फूट.”

“आणि तुझा दगड?”

“तिसऱ्या दिवशी फुटला,” मी म्हणालो. “गुळासारखा.”

मलकारीनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं फक्त मिशीवरनं हात फिरवला आणि मागे वळून म्हणाला, “वरचे सगळे खाली उतरा. आदी दुर्गप्पाला भाईर काढा.”

यल्लव्वाच्या हातातला झारा कढईत पडला. ती पळत आली. वरची माणसं उड्या टाकून उतरली. त्या हिसक्यानं असेल, पूर्वेच्या कोपऱ्यातली एक बल्ली आडवी झाली, मग तिच्या शेजारची. आतून हातोडीचा आवाज थांबला. मी आत शिरलो. दुर्गप्पा अगदी मागच्या कोपऱ्यात होता, त्याला उठता येत नव्हतं, आणि त्याच्या डोक्यावरची प्लेट ओल्या सिमिटासकट खाली यायला लागली. मी गुडघे टेकले, पाठ वर केली आणि तो कोपरा पाठीवर घेतला. चाळीस मण वजन असेल. मणक्याची हाडं एकेक मोजून घ्यावीत अशी वाजली. “सरक बाहेर,” मी म्हणालो. तो सरकायला लागला. मध्येच त्याला उबळ आली. मी म्हणालो, “खोकून घे निवांत, मी हाय.”

महादेवनं कप खाली ठेवला. “अण्णा.”

“काय?”

“ओला स्लॅब. पाठीवर.”

“कोपरा. सगळा स्लॅब कुठं म्हणालो?”

“आणि वर त्याला म्हणालाव, खोकून घे.”

“बरं, पाठीवर नव्हे. खांद्यावर.”

“अण्णा.”

“बरं बाबा, खांद्यावरही नव्हे,” मी म्हणालो, आणि मीही त्याच्याबरोबर हसलो. “यल्लव्वानं आणि पोरांनी पाय धरून ओढला त्याला बाहेर. पुरतं ओढून झालं आणि मग कोपरा बसला. पूर्वेची भिंत पोटातनं फुटली. तेवढी एक थाप माफ कर. बाकीचं खरं आहे.”

आणि बाकीचं खरं होतंच. त्या संध्याकाळी पंच बसले. यल्लव्वानं मला शिव्या दिल्या नाहीत. शिऱ्याची कढई तशीच उचलून तिनं वस्तीला वाटली आणि माझ्या पुढ्यात पान ठेवलं नाही, एवढंच. पूर्वेच्या सगळ्या ओळीचे पाये नव्यानं खोदायचे ठरले, वीस फूट, तळाच्या खडकापर्यंत. पहिली कुदळ मी मारायची, आणि शेवटची पाटी निघेपर्यंत मी वर यायचं ते फक्त जेवायला. सात महिने लागले. सगळी वस्ती आळीपाळीनं उतरली. माझ्या जोडीला कुणी घण घेऊन उभं राहिलं नाही. त्यानंतर कधीच नाही. एखादा दगड अडला आणि मी सहज म्हणालो की याची शीर या अंगाला आहे, तर माणसं ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि पहार ठोकून स्वतः बघायची. दुर्गप्पा पुढं पाच वर्षं जगला. या कट्ट्यावर बसायचा. माझ्याशी वाघांबद्दल बोलायचा, भुतांबद्दल बोलायचा.

“आणि अंबाकाकू?” महादेवनं विचारलं.

“ती महिनाभर बोलली नाही माझ्याशी. म्हणायची, मी गप बसा म्हणत होते, ऐकलं न्हाई. आता भोगा.” मी कप उपडा करून शेवटचा थेंब जिभेवर घेतला. “बायकांचा जीव संसारात. मी म्हणालो, एक माणूस वाचला ना? झालं तर.”

महादेवनं मागच्या भिंतीवर हात ठेवला. “थापा वजा करून सांगतो अण्णा,” तो म्हणाला, “पण उठून सगळ्यांसमोर सांगायला छाती लागते. मला नसतं जमलं.”

मी हात हलवला, त्यात काय एवढं अशा अर्थानं.

“काकू होत्या तोवर ही गोष्ट तुम्ही कधी सांगितली न्हाई,” रेणुका म्हणाली.

ती अजून उंबऱ्यावरच होती. मी हसलो. म्हणालो, “आठवत नव्हती तेव्हा.”

“त्या गेल्यावर सांगायला लागलाव. दोन वर्षं झाली. मी ऐकून घेतलं. म्हटलं, म्हातारं माणूस हाय, घेऊ दे नाव आपल्याकडं. काकूंनी स्वतः कधी घेतलं न्हाई.” तिनं महादेवचा कप उचलला, माझा उचलला, एकात एक घातले. “पण आज तुम्ही ‘गप बसा’ त्यांच्या तोंडी घातलाव.”

“रेणुका,” मी म्हणालो.

“मिक्सर काकूंनी बंद केला, अण्णा. खाली खडक न्हाई म्हणून काकू ओरडल्या. मलकारीमामांनी विचारलं ते त्यांना, आणि सांगितलं ते त्यांनी. तुम्ही शिडीवर होताव, मी तुमच्या खालच्या पायरीवर. सगळ्या रांगेचे हात थांबले होते, आणि तुम्ही खाली वाकून माझ्या हातातलं घमेलं मागत होताव.”